वाळूवर ठरणारा भाव

दापोली समुद्रकाठची म्हणून ओळखली जाते, पण गाव समुद्रावर नाही. ते वर सड्यावर आहे, समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. इंग्रजांनी इथे छावणी टाकली ती या गार हवेपायी, आणि जुनी माणसं अजूनही गावाला ‘काँप दापोली’ म्हणतात. इथून हर्णै बंदर पंधरा-सोळा किलोमीटर. तेवढ्या उतारात कोकण तीनदा रूप पालटतं. वर जांभा आणि वाळलेलं गवत, मधे आसूदच्या दरीत पाटाच्या पाण्यावर पोसलेल्या नारळी-पोफळीच्या बागा, आणि मग एका वळणावर अचानक समुद्र.

वाटेत मुरूड लागतं. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं हे गाव. तरुण वयात एका परीक्षेसाठी ते इथून थेट साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. सह्याद्री ओलांडून घाटावर जाणं म्हणजे काय दिव्य होतं, हे त्यावरून कळतं. या मुलखाचा खरा दरवाजा समुद्राकडे उघडायचा. कोकणातल्या कित्येक पिढ्या मुंबईला गेल्या त्या आगबोटीने, आणि त्या आगबोटींच्या थांब्यांमध्ये हर्णै होतं. मात्र बोट धक्क्याला लागायची नाही, कारण धक्काच नव्हता. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्यावर आणावं लागायचं. आगबोटी बंद होऊन जमाना झाला. आज उतारूंच्या जागी मासळी आली आहे, बाकी व्यवस्था बरीचशी तीच आहे. संध्याकाळचा हर्णैचा बाजार पाहताना हे डोक्यात ठेवलं की समोरच्या गोंधळाची संगती लागते.

बाजारात उतरण्याआधी फत्तेगडाच्या बाजूला थोडं थांबावं. हर्णैला एक नाही, चार किल्ले आहेत. समुद्रात सुवर्णदुर्ग, आणि त्याच्या पाठराखणीला किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे. फत्तेगडावर तट-बुरूज शोधावे लागतात, कारण सगळा गड कोळ्यांच्या घरांनी भरून गेला आहे. तटाच्या जागी भिंती, भिंतींवर वाळत टाकलेली जाळी, आणि दोन घरांमधल्या बोळातून दिसणारा सुवर्णदुर्ग. इतिहासाच्या पुस्तकात किल्ला ‘पडला’ असं वाचून आपण पान उलटतो. पडलेल्या किल्ल्यावर पुढे माणसं राहायला आली तर तो कसा दिसेल, ते इथे दिसतं.

सुवर्णदुर्ग शिवाजी महाराजांनी 1660 च्या सुमारास आदिलशाहीकडून घेतला आणि भक्कम केला. कान्होजी आंग्र्यांच्या उमेदीच्या काळाशी हा किल्ला जोडलेला आहे. पुढे तो तुळाजी आंग्र्यांकडे आला. तुळाजी पेशव्यांना जुमानेना, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. एप्रिल 1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने समुद्रातून तोफा डागल्या, किल्ल्यावरचं दारूकोठार उडालं आणि सुवर्णदुर्ग पडला. किल्ला पेशव्यांना मिळाला, इंग्रजांच्या पदरात पुढच्या वर्षी बाणकोट पडलं, आणि त्याच वर्षी विजयदुर्गावर आंग्र्यांचं आरमार जळालं. मराठ्यांच्या समुद्रावरच्या ताकदीचा कणा मोडला, तोही मराठ्यांच्याच निमंत्रणावरून. पुढे 1802 मध्ये यशवंतराव होळकरांपुढे हरलेला दुसरा बाजीराव पुण्यातून निसटला तो याच किल्ल्याच्या आश्रयाला आला, आणि इथून समुद्रमार्गे वसईला गेला. तिथे वर्षाच्या शेवटच्या दिवशी इंग्रजांबरोबरच्या तहावर सही झाली. मराठी राज्य संपण्याच्या वाटेवर हर्णै असं दोनदा लागतं.

मला सगळ्यात नवल वाटलं ते लंडनमधल्या एका मनोऱ्याचं. विल्यम जेम्स इंग्लंडला परतून मोठा धनिक झाला आणि 1783 मध्ये वारला. त्याच्या पत्नीने पुढच्याच वर्षी लंडनच्या शूटर्स हिल या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा उभारला. त्याचं नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. म्हणजे आपला सुवर्णदुर्ग, इंग्रजी जिभेवरून घसरत गेलेला. मनोरा आजही उभा आहे. सुवर्णदुर्गाच्या दारातल्या पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीतला मारुती यांची मात्र भरतीची वेळ पाहून येणाऱ्या पर्यटकांशीच काय ती भेट होते.

किल्ल्यांच्या या चौकडीमुळे हर्णैचं पाणी कसं आहे तेही समजतं. पुढे आलेलं भूशिर आणि समोरचं बेट यांच्यामुळे लाटांचा जोर थोडा मोडतो, म्हणून नौका नांगरायला आडोसा मिळतो. पण किनारा उथळ. ओहोटीला पाणी दूरवर मागे जातं. मोठी नौका वाळूपर्यंत येऊच शकत नाही. आडोसा आहे आणि खोली नाही, अशी ही जागा आहे. बाजाराचं सगळं रूप या एका गोष्टीतून घडलेलं आहे.

उन्हं कलायला लागली की किनाऱ्यावर हालचाल सुरू होते. हर्णैला सकाळीही लिलाव होतो, पण रंग भरतो तो संध्याकाळी. शेकडो नौकांचं हे बंदर. आत पाण्यात लाँचा नांगरलेल्या, त्यांच्या काठ्यांवर फडफडणारी रंगीबेरंगी निशाणं. लाँचमधून मासळी लहान होडीत उतरवली जाते. होडी उथळ पाण्यापर्यंत येते. आणि तिथे तिची वाट पाहत समुद्रात उभी असते बैलगाडी.

शेतातली, बाजाराची, जत्रेची बैलगाडी आपण पाहिलेली असते. पोटाला लाटा लागताहेत आणि बैल शांतपणे शेपटी हलवत समुद्राकडे तोंड करून उभे आहेत, हे दृश्य मात्र डोळ्यांना चटकन पटत नाही. गाडीवान कमरेइतक्या पाण्यात. होडीतून पाट्या आणि क्रेट गाडीत चढतात, तेवढ्यात एखादी लाट येऊन गाडी हलवते, गाडीवान बैलाच्या मानेवर नुसता हात ठेवतो. गाडी भरली की ती ओल्या वाळूतून वर येते. एका बैलाचे पाय मी जवळून पाहिले. गुडघ्याखाली मीठ वाळून पांढरे पट्टे उठले होते. जिथे गाडी पोचत नाही तिथे माणसं डोक्यावर पाट्या घेऊन चालतात, त्यांच्या कपाळावरून खारं पाणी गळत असतं.

लाँच, होडी, बैलगाडी, डोकं, वाळू. मासळी इतके हात बदलून किनाऱ्याला लागते. फोटो काढणाऱ्या पर्यटकांची इथे झुंबड असते, आणि ती साहजिक आहे. पण ज्या गाडीवानाशी मी बोललो, त्याला या देखाव्याचं कौतुक नव्हतं. “एका खेपेचे पैसे मिळतात आमाला, ते मालकाच्या खिशातनं जातात,” तो म्हणाला. “जेटी असती तर लाँच सरळ लागली असती.”

“मग तुमच्या गाडीचं काय, दादा?”

“गाडीचं बघू. मुलगा लाँचवर आहे माझा.”

वर वाळूवर तोवर बाजार भरलेला असतो. छप्पर नाही, ओटे नाहीत. वाळूवर प्लॅस्टिक अंथरून किंवा सरळ ओल्या वाळूवर मासळीचे ढीग. एका बाजूला बांगडे, पलीकडे ढोमा, शिंगाळा, मांदेली, म्हाकूल. पाटीत नांगी बांधलेल्या कुर्ल्या. आणि स्वतंत्र, जरा मानाने मांडलेली सुरमई, पापलेट, हलवा. कोळंबीची तऱ्हा वेगळी. तिची आकारानुसार निवड होते आणि किलोत किती नग बसतात त्यावर भाव ठरतो. त्याला इथे सगळे ‘काउंट’ म्हणतात. काउंट जितका कमी तितकी कोळंबी मोठी आणि भाव चढा. निवड करणाऱ्या बायकांचे हात इतके भराभर चालतात की त्या बघून निवडतात की बोटांनी, ते सांगता येणार नाही.

लिलावाला कान सरावायला थोडा वेळ लागतो. सुरुवातीला सगळीकडून नुसता आरडाओरडा ऐकू येतो. मग लक्षात येतं की प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं एक कडं आहे आणि त्या कड्यात एकच आवाज मोठा आहे. मी सुरमईच्या एका ढिगापाशी उभा राहिलो. लहान-मोठ्या डझनभर सुरमया असतील. पुकारणाऱ्याने आकडा टाकला. कोणीच बोललं नाही. एक बाई पुढे झाली, खाली वाकली, एका सुरमईचा कल्ला अंगठ्याने उचलून आतला लाल रंग पाहिला, पोटावर बोट दाबलं, आणि मागे सरकून पुकारलेल्या आकड्याच्या बरीच खालची बोली दिली. पुकारणारा हसला. दुसऱ्या बाजूने एका टेम्पोवाल्याने शंभर चढवले. बाईने पन्नास. त्याने पुन्हा शंभर. बाईने मान फिरवली आणि ती शेजारच्या ढिगाकडे चालू लागली. पुकारणाऱ्याने तिला हाक मारली, ती थांबली नाही. ढीग टेम्पोवाल्याकडे गेला. हे सगळं मिनिटभरात झालं. तराजू कुठेच नव्हता. ढिगाचं वजन किती भरेल, त्यात लहान मासा किती दडलाय, बर्फात कालपासून आहे की आज सकाळचा आहे, हा सगळा हिशेब घेणाऱ्याच्या नजरेत.

थोड्या वेळाने तीच बाई बांगड्यांची पाटी घेऊन जाताना दिसली. “मावशी, सुरमई सोडलीत?” मी विचारलं. “त्या भावात घेऊन दापोलीत कोनाला विकू? लोकांना बांगडा पायजे रोजचा,” असं म्हणून ती चालू लागली. बाजाराचं अर्थशास्त्र तिने एका वाक्यात सांगितलं. इथे घेणारे तीन प्रकारचे. पहिले मोठे व्यापारी आणि त्यांची माणसं. कोळंबी, म्हाकूल, सुरमई, पापलेट यांवर त्यांची नजर, कारण हा माल प्रक्रियेच्या कारखान्यांत, निर्यातीला आणि मोठ्या शहरांत जातो. दुसऱ्या या बायका. दापोली, खेड, मंडणगड अशा बाजारांत सकाळी बसणाऱ्या. आणि तिसरे आपण, पर्यटक आणि गावकरी, वाटा घेणारे. पहिला ठरवतो भाव, दुसरी जगवते गावागावातला बाजार, आणि तिसरा घासाघीस करून आपण फार स्वस्तात घेतलं म्हणत घरी जातो.

संध्याकाळच का, याचं उत्तर बाजाराच्या कडेला मिळतं. तिथे बर्फ फोडण्याची यंत्रं खडखडत असतात. बर्फाच्या लाद्या आत जातात, भुगा बाहेर पडतो. क्रेटमध्ये एक थर बर्फ, एक थर मासळी, पुन्हा बर्फ. टेम्पो भरले जातात आणि अंधार पडता पडता दापोलीचा चढ चढू लागतात. रात्रभर प्रवास करून पहाटेच्या बाजाराला मासळी मुंबईत हजर. दुपारी निघाली तर उन्हात बर्फ वितळेल, मध्यरात्री निघाली तर पहाट चुकेल.

भाव उघड्यावर ठरतो, पण पैशाचा प्रवास तितका उघडा नाही. नौका समुद्रात पाठवायची म्हणजे डिझेल, बर्फ, शिधा, जाळ्यांची दुरुस्ती, सगळं आधी भरावं लागतं. हंगामाच्या सुरुवातीला अनेकांना ही उचल व्यापाऱ्याकडून किंवा दलालाकडून घ्यावी लागते, आणि मग मासळी त्यालाच द्यायची हे ओघाने आलं. मच्छीमार सहकारी संस्था आहेत. त्यांच्यामार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, पण तो येईपर्यंत खर्च थांबत नाही. लिलावाचे पैसे आले की त्यातून खर्च वजा होतो आणि उरलेल्याचे मालक, नौका चालवणारा तांडेल आणि खलाशी यांच्यात वाटे पडतात. त्या खलाशांत आता नेपाळहून आलेली पोरंही असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बंदरांत हे आता नवलाचं राहिलेलं नाही. हिमालयाच्या पायथ्याचा मुलगा अरबी समुद्रात जाळं ओढतो आणि कोकणातला मुलगा मुंबईत नोकरी शोधतो. स्थलांतराची साखळी अशी पुढे पुढे सरकत जाते.

बाजारात पापलेट कमी आणि लहान दिसलं. 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं, त्यामागे हीच काळजी होती: वाढ पुरी होण्याआधीच पकडल्या जाणाऱ्या पिल्लांची. पावसाळ्यात 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तो काळ बऱ्याच माशांच्या विणीचा. पण किनाऱ्यावर राग ऐकू येतो तो दुसऱ्याच गोष्टींवर. अख्खा थवा घेरणाऱ्या पर्सिनेट जाळ्यांवर राज्याने 2016 मध्ये हंगामाचे आणि क्षेत्राचे निर्बंध घातले, रात्री एलईडी दिव्यांचा झोत पाण्यात सोडून मासे गोळा करण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. कागदावर सगळं आहे. “लायटवाले रात्रीत सगळा थवा उचलतात, आमी सकाळी पानी गाळतो,” असं एक तांडेल म्हणाला. राज्याची हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांची. त्यापलीकडे कोण काय करतं आणि रात्री हद्दीच्या आत कोण येतं, यावर गस्त घालायला नौका किती, हा त्याचा प्रश्न होता.

अंधार पडला तशी वाळूवर दिव्यांची रांग लागली. लिलाव ओसरला आणि किरकोळ विक्री सुरू झाली. मासे कापून देणाऱ्या बायका विळीवर बसल्या. खवले, शेपट्या, आतडी वाळूत. कावळे गेले होते, कुत्री आली होती. बाजार किती नयनरम्य असं म्हणणाऱ्याने ही वेळही पाहावी. कचरा टाकायला जागा नाही, हात धुवायला गोडं पाणी नाही, आणि दुपारपासून इथे बसलेल्या बायकांना आडोसा शोधत जावं लागतं. उद्या सकाळी भरती येईल आणि वाळू धुऊन नेईल, या भरवशावर सगळं सोडलेलं. भरतीने आजवर ते काम इमानाने केलंय म्हणून इतकं तरी बरं.

दुसऱ्या दिवशी पाजपंढरीची दाट कोळी वस्ती ओलांडून आंजर्ल्याच्या वाटेला लागलो. मधे जोग नदीची खाडी आडवी येते. खाडीच्या पुलावरून हर्णैचा प्रश्न उलट्या बाजूने दिसतो. समुद्र खवळला, वादळाचा इशारा आला की हर्णैच्या नौकांना बंदरात थांबता येत नाही, कारण सुवर्णदुर्गाचा आडोसा वादळापुढे अपुरा. मग त्या या खाडीत शिरतात. पण खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, आणि भरतीची वेळ चुकली तर नौका वाळूत रुतण्याची भीती. म्हणजे वादळ मागे आणि रेती पुढे. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ थोडं उत्तरेला श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या. नारळ-पोफळी पुन्हा लावून फळाला यायला वर्षं लागतात. नौका गेली तर ती पुन्हा लावता येत नाही, कर्ज काढून विकत घ्यावी लागते.

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या टेकडीवरून सगळा पट नजरेत येतो: खाडी, हर्णैचं भूशिर, सुवर्णदुर्ग आणि त्यामागच्या नौका. इथे उभं राहिल्यावर जेटीची मागणी पिढ्यान्‌पिढ्या का होत राहिली ते समजावून सांगावं लागत नाही. बंदराच्या विकासाला आता सरकारी मंजुरी मिळालेली आहे. लाँच धक्क्याला लागेल, बर्फ वाचेल, वेळ वाचेल, मासळी ताजी राहील आणि वादळात नौकांना आसरा मिळेल. पाण्यात उतरणारे बैल दिसणार नाहीत आणि काही पर्यटक हळहळतील. त्या हळहळीला फार किंमत देऊ नये. आपल्याला जो देखावा वाटतो ती दुसऱ्याची रोजची अडचण आहे, आणि तिचे पैसे तो रोज मोजतो आहे.

हर्णैच्या बाजारात जपण्यासारखं काही असेल तर ते वेगळंच आहे. इथे भाव सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात ठरतो. निर्यातदाराचा माणूस आणि दापोलीच्या बाजारात बसणारी मावशी एकाच कड्यात उभे राहून बोली लावतात, आणि भाव परवडला नाही तर मावशी मान फिरवून पुढच्या ढिगाकडे जाऊ शकते. बंदर सुधारल्यावर मोठा माल धक्क्यावरूनच परस्पर टेम्पोत चढू लागला, तर मावशीसमोर ढीगच उरणार नाही. धक्क्यावर लाँचांना किती जागा लागेल, ट्रक कुठून वळतील, बर्फाचा कारखाना कुठे असेल, हे आराखड्यात येईलच. लिलावाला छप्पर, कापणाऱ्या बायकांना ओटा, पाणी आणि शौचालय, आणि पाट्या घेऊन बसणाऱ्यांची हक्काची जागा, हेही त्याच कागदावर मीटरमध्ये लिहिलेलं हवं.